खंडेनवमीचं लिंबू

सोलापूर, ता. १० जून १९२८

ति. कमलाकरदादास नारायणाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तर आज लिहितोय. मनातल्या मनात काय ते बोलून घे आणि मग पुढे वाच. आत्याने पाठवलेल्या शेवया पोचल्या. नानांनी पहिली खीर दत्तापुढे ठेवली आणि मग आम्ही दोघांनी पातेलं रिकामं केलं. आई असती तर आम्हा बापलेकांना, दोघांनाही बोलली असती.

खरं काम वेगळंच आहे. तू केमला तारमास्तर होऊन गेलास त्याला आता चार वर्षं होतील. तेव्हापासून तुझा दांडपट्टा तालमीत खिळ्याला टांगलेला आहे. मी मात्र रोज मिलच्या ऑफिसातून सुटलो की तालमीत जातो, शंभर जोर आणि दोनशे बैठका काढतो आणि मग 'गाडी' उचलतो. ही गाडी तू पाहिलेली नाहीस. मिलच्या भंगारातली दोन बिडाची चाकं एका जाड सळईच्या टोकांना बसवून जोतीराम वस्तादांनी ती केलीय. दोन मण भरते. मी ती छातीवर घेतो, डोक्यावर नेतो आणि पाच अंक मोजेपर्यंत धरून ठेवतो. नव्या पेठेत सदरा घ्यायला गेलो तर मापाचा मिळत नाही, एवढाच काय तो तोटा.

परवा वस्ताद पट्ट्याला तेल लावत बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, बोटांनी चाचपून चिंधी पात्यावरून नेतात. मला म्हणाले, "नारायणा, ताकद लई केलीस. पर वझं तर बैल बी वडतोय. माझ्यामागं ह्यो पट्टा खिळ्यालाच गंजायचा." मला ते फार लागलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि मला जेवण न जाणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

तेव्हा ठरवलंय, पट्टा मी शिकणार. पण गाडी सोडवत नाही. चार वर्षांची कमाई आहे ती. दोन्ही कसं बसवायचं ते वस्तादांना विचारलं, तर ते म्हणाले की तुझ्या दादाला विचार, तोही आधी दगडी गोटा उचलणाराच होता. म्हणून विचारतो. कोणत्या वेळेला काय करू, किती करू, सगळं सविस्तर लिही.

तुझा
नारायण


केम, ता. १६ जून १९२८

चि. नारायणास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका आनंद झाला की कुर्डुवाडीहून आलेली मालगाडीची खबर दोनदा विचारून घ्यावी लागली. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एकाला वेड कमी होतं म्हणून आता दुसऱ्याला लागलं.

आता नीट ऐक. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात हात कोपरापर्यंत जातो आणि मनगट अडकून बसतं. काठी किंवा तलवार मनगटावर फिरते, पट्टा फिरत नाही. तिथे सगळा खेळ खांद्याचा आणि पायांचा. आणि तू चार वर्षं वजन उचलून खांदाच जड करून ठेवलायस. ताकद वाईट नाही, पण दमलेला खांदा खोटं बोलतो. तुला वाटतं हात इथे थांबवला, आणि तो बोटभर खाली गेलेला असतो. मी गोटा सोडला तो याच कारणाने.

तू सोडू नकोस, पण असं बसव. पट्टा पहाटे, अंग ताजं असताना. गाडी संध्याकाळी, तीसुद्धा एक दिवसाआड. गाडी उचलल्यावर पट्ट्याला हात लावायचा नाही, घरात साप निघाला तरी नाही. पहिला महिना पट्टा घ्यायचाच नाही, नुसती पावलं करायची, हातात वेताची काठी. बैठका निम्म्या कर. आणि ज्या दिवशी वस्ताद कोणाच्या तळव्यावरचं लिंबू कापायला उभं करतील, त्याच्या आधी पुरे तीन आठवडे गाडीकडे बघायचंही नाही. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं.

मी खोटं सांगत नाही याचा पुरावा तुझ्या पत्रातच आहे. तू तालमीतून येऊन तसाच लिहायला बसलास ना? प्रत्येक ओळ उजवीकडे घसरत गेलीय आणि काने थरथरलेत. तुला वाटलं तू सरळ लिहितोयस. चार वर्षं तारेची कटकट ऐकून मला माणसाचा हात ओळखायची सवय लागलीय. कुर्डुवाडीचा तारमास्तर जेवून बसलाय की उपाशी, ते मी इथून सांगतो.

मामांना सांगितलंस का? त्यांच्या ताटातली भाकरी खाऊन मी तेरा वर्षं त्या घरात वाढलो, पण त्यांना तालीम आवडते की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस.

तुझा
कमलाकर


सोलापूर, ता. १२ ऑगस्ट १९२८

ति. कमलाकरदादास साष्टांग नमस्कार.

हे पत्र सकाळी अंघोळ करून लिहितोय. ओळी मोजपट्टी लावून तपासून घे.

तू सांगितलंस तसं नानांना विचारलं. ते देवळात दत्ताच्या गाभाऱ्यापुढे बसून गंध उगाळत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते उगाळता उगाळताच म्हणाले, "पहाटे जाणार असशील तर पाणी मी तापवीन." संपलं. तेव्हापासून रोज चारला उठून ते बंब पेटवतात. मी परत येतो तेव्हा त्यांची पूजा चाललेली असते. मी खांबाला टेकून बघत उभा राहतो. अनामिकेने ते दत्ताच्या तिन्ही कपाळांवर गंध लावतात, आणि तिन्ही ठिपके एका रेषेत, एका मापाचे. साठी उलटलेल्या माणसाचा हात एवढा स्थिर कसा, असं पूर्वी कधी मनात आलं नव्हतं. पट्टा शिकायला लागल्यापासून येतं.

पहिला महिना हाल झाले. वजन उचलताना मी पाय रोवून उभा राहतो, आणि इथे पाय रोवले की वस्ताद नडगीवर काठी मारतात. म्हणतात, खांब झालायस. आता पवित्रे जमतात. गेल्या सोमवारी पट्टा हातात दिला. तुझाच. खोबळ्याच्या आतलं कातडं तुझ्या हाताच्या घामाने काळं पडलंय, आणि माझा हात त्यात घट्ट बसतो.

आता मागणं. वस्तादांनी खंडेनवमीला माझं पहिलं लिंबू ठरवलंय. शस्त्रपूजा झाल्यावर, सगळ्यांसमोर. तालमीचा नेम तुला सांगायला नकोच, पण त्यांनी मला तो पुन्हा बजावला. "पहिल्या लिंबाखाली आपल्याच मानसाचा हात. परक्याच्या हातावर कुनी बी शूर व्हतंय." आपलं माणूस म्हणजे माझ्यापाशी नाना आणि तू. नानांच्या हाताचं नावसुद्धा काढवत नाही. तुझ्या पहिल्या लिंबाला माझा हात होता, आठवतं? मी सोळा वर्षांचा होतो. डोळे मिटले नाहीत म्हणून वस्तादांनी मला नारळ दिला होता. त्याची परतफेड मागतोय. येशील ना?

तुझा
नारायण


केम, ता. २० ऑगस्ट १९२८

चि. नारायणास अनेक आशीर्वाद.

येईन. यात विचारायचं काय? तू हात पसरून उभा होतास ते मला रोज आठवतं. पातं खाली आलं तेव्हा माझेच डोळे मिटले होते, ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही, तुला सांगतो.

तीन दिवसांच्या रजेचा अर्ज आजच धाडतोय. आई कुरकुरतेय. म्हणते, तुझा उजवा हात यंत्रावर चालतो तेव्हा या घरात चूल पेटते, तो लिंबाखाली धरायला आहे का? मी तिला म्हटलं, हात डावा धरीन. पण लिंबाला उजवाच हात लागतो हे ती सोलापूरची मुलगी असल्याने जाणून आहे.

एकच अट. नवमीच्या आधी तीन आठवडे गाडी बंद. वस्तादांना दिसत नाही, त्यांना फसवता येईल. मला वचन दे.

तुझा
कमलाकर


सोलापूर, ता. १२ ऑक्टोबर १९२८

ति. कमलाकरदादास साष्टांग नमस्कार.

घाईत चार ओळी. तुझ्या अटीप्रमाणे गाडी बंद आहे. पंधरवडा होत आला. हात शिवशिवतात पण बंद म्हणजे बंद. पट्टा रोज पहाटे चाललाय. दुधी भोपळा ठेवून सराव करतो, दहांत नऊ वेळा पातं हवं तिथे थांबतं.

दसऱ्याला तालमीत वजनांचाही फड आहे. अक्कलकोटकडचा सिद्धाप्पा म्हणून एक गडी येणार आहे, तो अडीच मण डोक्यावर नेतो म्हणे. लोक मला विचारतात, तू उतरणार का? मी हसून सोडून देतो.

कोणत्या गाडीने येतोस ते कळव. नानांनी तुझ्यासाठी धोतरजोडी आणून ठेवलीय आणि मला सांगू नकोस म्हणाले आहेत, तेव्हा तुला माहीत नाही असं समज. टाकाचं नीब खराब झालंय, त्यामुळे अक्षर जरा वेडंवाकडं आलंय.

तुझा
नारायण


केम, ता. १८ ऑक्टोबर १९२८

चि. नारायणास आशीर्वाद.

लिहायला वाईट वाटतं, पण रजा मंजूर झाली नाही. दसऱ्याची गर्दी असल्याने माणूस देता येत नाही असं वरून उत्तर आलं. नोकरीपुढे इलाज नाही.

माझं ऐकशील तर लिंबू या वर्षी राहू दे. घाई कशाला? पुढल्या वर्षी मी नक्की येईन. वस्तादांना माझा नमस्कार सांग आणि मामांनाही. त्यांची प्रकृती जप.

तुझा
कमलाकर


सोलापूर, ता. ४ नोव्हेंबर १९२८

ति. कमलाकरदादास साष्टांग नमस्कार.

खंडेनवमीच्या संध्याकाळी वस्तादांनी तार करवली, ती तू घेतलीच असशील. रात्रीच्या गाडीने तू आत्याला पाठवलंस हे फार बरं केलंस. ती नसती तर मी काय केलं असतं माहीत नाही. ती नानांजवळून हलत नाही. तू का आला नाहीस ते मी तिला एकदा विचारलं, पण ती पदर डोळ्यांना लावून आत गेली. रजा मिळाली नसेल हे मला कळायला हवं होतं.

काय झालं ते आत्याने तुला तुकड्यातुकड्यांत कळवलं असेल. मी आज सगळं लिहितो. लिहायला बारा दिवस लागले.

तुझं पत्र आल्यावर मी वस्तादांना म्हटलं, दादा येत नाही, लिंबू पुढल्या वर्षी करू. ते बरं म्हणाले. पण मनातून फार खट्टू झाले. मला म्हणाले, "पुढल्या साली मला तेवडंबी दिसायचं न्हाय. तुजं लिंबू बगायचं व्हतं."

नवमीच्या सकाळी नाना पूजा आटोपून कुठेतरी गेले होते. दहा वाजता परत आले तेव्हा उपरणं धुळीने माखलं होतं. मला वाटलं झेंडू आणायला गेले असतील, पण हात रिकामे होते. त्यांनी मला विचारलं, "आज तुझं लिंबू आहे ना?" मी म्हटलं, दादाला रजा मिळाली नाही. ते म्हणाले, "हो. मिळाली नाही त्याला." आणि उपरणं झटकायला मागच्या दारी गेले.

संध्याकाळी शस्त्रपूजेला ते तालमीत आले. आजवर कधी आले नव्हते. पूजा झाली, वस्तादांनी रीतीप्रमाणे विचारलं की कोणाचं लिंबू आहे का. तेवढ्यात नाना पायरीवरून उठले. पूजेच्या तबकातलं लिंबू त्यांनी स्वतःच घेतलं, उजव्या तळव्यावर ठेवलं आणि लाल मातीच्या हौद्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. मी नाही नाही म्हणत होतो. वस्ताद पुढे झाले, म्हणाले, "नाना, देवाच्या पूजेचा हात हाय त्यो." नाना म्हणाले, "म्हणून तर हलत नाही."

दादा, मी त्या दिवशी दुपारी गाडी उचलली होती. एकदा नाही, सहा वेळा. दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पाबरोबर उतरायचं होतं, म्हणून सव्वादोन मण करून पाहत होतो. लिंबू तर रद्दच झालंय, असं स्वतःला समजावलं. पण खरं याहून वाईट आहे. गाडी मी एक दिवसही बंद केली नव्हती. तुला लिहिलं ते खोटं होतं. मला वाटलं मला दोन्ही पेलतं. सगळी तालीम म्हणायची, नारायण दोन्ही करतो, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

नानांसमोर उभा राहिलो तेव्हाच खांदा भरून आलेला कळत होता. तेव्हा सांगायला हवं होतं. शंभर माणसं बघत होती, वस्ताद अधू डोळ्यांनी माझ्याकडे तोंड करून उभे होते, आणि मी पवित्रा घेतला. पट्टा फिरवला. लिंबाची दोन भकलं झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नानांच्या तळव्यातून रक्ताची धार लागली. पातं बोटभर खाली गेलं होतं. नानांचा हात तसाच पसरलेला होता. हललाच नव्हता.

जखम आठव्या दिवशी चिघळली. डॉक्टरांनी मधलं बोट आणि अनामिका काढली. उरलेली बोटं मिटत नाहीत. व्यंग असलेल्या हाताने पूजा करू नये म्हणून नानांनी आपणहून गाभाऱ्याची किल्ली माझ्यापुढे ठेवली. पस्तीस वर्षांची सेवा त्यांची. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नारायण


केम, ता. ९ नोव्हेंबर १९२८

चि. नारायणास आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून चार दिवस हिंडतोय. तू खरं लिहिलंस, आता मी लिहितो.

माझी रजा मंजूर झाली होती. तीन दिवस, अर्ज केला तशी. माझ्या जागी सोलापूरहून चनबसप्पा म्हणून तारमास्तर आला. अष्टमीच्या दुपारी तो ट्रंक घेऊन फलाटावर उतरला, आणि मी त्याला म्हटलं, आईची प्रकृती बिघडलीय, मी जात नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती, धडधाकट. त्याला चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवलं. तसं करणार हे माझं आधीच ठरलं होतं, कारण रजा मिळाली नाही असं मी तुला लिहून बसलो होतो.

का, ते सांगतो. तुझं बारा तारखेचं पत्र आलं तेव्हा मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. प्रत्येक ओळ उजवीकडे उतरत गेलेली. 'गाडी बंद आहे' हे जिथे लिहिलंयस तिथे 'बंद'चा 'द' खालच्या ओळीवर जाऊन बसलाय. नीब खराब झाल्याने ओळ उतरत नाही, नारायणा. मला त्या क्षणी कळलं की तू उचलतोयस, आणि त्या दिवशीही उचलून आला आहेस. कळलं आणि मी भ्यालो. माझा हात मला यंत्रावर दिसला आणि मग यंत्रावरून नाहीसा झालेला दिसला.

भिण्यात पाप नाही असं म्हणता येईल. पण मला एक ओळ लिहिता आली असती. तू खोटं बोलतोयस, पट्ट्याला हात लावू नकोस, एवढंच. तार करणं तर माझ्या बोटाखाली होतं. ती ओळ लिहिली असती तर मी अक्षर ओळखलं हे तुला कळलं असतं, आणि मी भिऊन येत नाही हेही कळलं असतं. सोळा वर्षांचा तू माझ्यासाठी डोळे उघडे ठेवून उभा राहिला होतास. मला ती लाज नको होती. म्हणून साहेबाच्या माथी मारलं, आणि 'घाई कशाला' असं मोठ्या भावाच्या थाटात लिहून हात झाडले.

नवमीला संध्याकाळी यंत्र वाजायला लागलं तेव्हा मी खुर्चीत होतो. सोलापूरहून एकेक अक्षर येत होतं आणि मी सवयीने उतरवून घेत होतो. मामांचं नाव पुरं झालं तरी ते माझेच मामा हे मला कळलं नाही. 'उजवा हात' हे शब्द आले तेव्हा कळलं. आईला गाडीत बसवलं आणि मी फलाटावरच राहिलो. कोणत्या तोंडाने येऊ? त्या हातावरचं लिंबू माझ्या वाट्याचं होतं.

हे मामांना वाचून दाखव. मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

कमलाकर


सोलापूर, ता. २० नोव्हेंबर १९२८

ति. कमलाकरदादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला राग आला. खूप आला. दोन दिवस तुला काय काय लिहायचं ते मनात घोळवत होतो. मग आठवलं की माझ्यापाशी रागवायला जागाच नाही, आणि रडू आलं.

पत्र नानांना दाखवू नये असं ठरवलं होतं. पण ते पाडव्यापासून रोज विचारत होते, कमलाकराचं काही आलं का. काल शेवटी वाचून दाखवलं. चनबसप्पाचं नाव आलं तसे ते म्हणाले, "पुढचं मला माहीत आहे." चनबसप्पा आपल्याच देवळात दर गुरुवारी येतो, हे तुला ठाऊक नव्हतं आणि मी विसरलो होतो. अष्टमीला केमची गाडी धरण्यापूर्वी तो तीर्थ घ्यायला आला होता. नानांना म्हणाला, तुमच्या भाच्याच्या जागेवर चाललोय, उद्या तो तुमच्याकडे येतोय बघा. म्हणून नवमीच्या सकाळी नाना तुला आणायला स्टेशनावर गेले होते. दोन गाड्या बघितल्या. तू उतरला नाहीस. उपरण्यावर ती धूळ होती.

मी विचारलं, मग तुम्ही मला का सांगितलं नाहीत? म्हणाले, "तो भ्यालाय हे मला कळलं. तुला कळायची गरज नव्हती." मग म्हणाले, "तुझ्या लिंबाखाली कोणी हात धरेना तेव्हा मला बघवलं नाही." एवढंच. तुझ्या तोंडून खोटं निघालं आणि त्यांनी ते माझ्यासमोर खरं करून दिलं, माझ्यासाठी आणि तुझ्यासाठीही. आणि मग येऊन उभे राहिले.

गाडी मी चाकं काढून मिलच्या भंगारात टाकून आलो. पट्टा खिळ्याला आहे. वस्ताद तालमीत येत नाहीत. पूजा मी करतो. पहिल्या दिवशी गंध लावताना हात इतका कापला की मधल्या मुखाचा ठिपका नाकावर उतरला. नाना बाहेर पायरीवर बसतात, त्यांना आत येता येत नाही. तिथूनच सांगतात, कोपर अंगाला टेकव, श्वास सोड आणि मग बोट ने. जवळजवळ हेच वस्ताद सांगायचे. काल तिन्ही ठिपके बऱ्यापैकी ओळीत आले. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते आपल्या हाताकडे बघत होते.

खालच्या ओळी त्यांच्या आहेत. मी लिहून देतो म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. डाव्या हाताने लिहायला सगळी दुपार लागली.

नारायण

चि. कमलाकरास आशीर्वाद. डाव्या हाताचे लिहिणे आहे, ओळी उतरतात, त्यावरून काही ताडू नकोस. प्रकृती बरी आहे. तू आला नाहीस ते बरे झाले, तुझा हात हलला असता आणि मनगट गेले असते. तुझ्या हाताला काम आहे. दिवाळीत तुझे ताट मांडले होते. धोतरजोडी तशीच आहे. आता ये. कोणत्या गाडीने येतोस ते कळव, मी स्टेशनावर येतो.